दोन चिठ्ठ्या

"लावायला काहीतरी द्या ताई. मांड्या लई दुखत्यात त्यांच्या," गिरजाबाई म्हणाल्या, आणि उज्वलाने मागे न बघताच हात लांबवून मलमाची ट्यूब काढली.

सकाळचे साडेदहा झाले होते. करंजाड्यात त्या वेळेला औषधाच्या दुकानात फारशी गर्दी नसते. गिरजाबाईंनी ट्यूब पिशवीत टाकली, पण काउंटर सोडला नाही. नवरा, बाजीराव, परवापासून जिना कठड्याला धरून उतरतात, काल तर संडासातून उठता येईना, मीच काखेत हात घालून उठवलं, असं त्या सांगत राहिल्या. खोकला मात्र गेला म्हणाल्या. मग त्या जरा पुढे वाकल्या. शेजारी एक बाई डायपरचं पाकीट बघत उभी होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"लगवीचा रंग बी येगळाच झालाय. कोऱ्या च्यावानी."

उज्वलाने गल्ला लावला, उघडला, पुन्हा लावला.

"कधीपासून?"

"काल सकाळपासनं."

मग तिने एक गोष्ट केली जी ती सहसा करत नसे. फळी वर उचलून ती काउंटरच्या बाहेर आली आणि गिरजाबाईंच्या हातातली पिशवी घेऊन त्यातली ट्यूब काढून ठेवली. हे लावत बसू नका, आत्ताच्या आत्ता रिक्षा करा, पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं तिने सांगितलं. घरातल्या सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर घ्या. खोकल्याची आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी आता देऊ नका, तिथल्या डॉक्टरांना आधी दाखवा. गिरजाबाईंनी विचारलं, एवढं काय झालंय? किडनीवर येऊ शकतं, ती म्हणाली. गिरजाबाई लगबगीने निघून गेल्या.

का येऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं. तेवढं तिने सांगितलं नाही. डायपरवाल्या बाईने पाकीट काउंटरवर ठेवलं आणि उज्वलाने त्याचं बिल केलं.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. विसाव्या वर्षी फार्मसीचा डिप्लोमा झाला, तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे उभी. करंजाड्याच्या या दुकानात नऊ वर्षं झाली होती. दुकान पार्थचं, तो तिशीतला मुलगा, त्याचं दुसरं दुकान सीवूड्सला होतं आणि तो बहुतेक वेळ तिकडेच असायचा. इथल्या भिंतीवर काचेच्या चौकटीत उज्वलाचं नोंदणीपत्र होतं. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं डॉक्टरकडे जाण्याआधी एकदा तिला विचारून जात. ताप आहे, जाऊ का उद्यापर्यंत थांबू? ही गोळी उपाशीपोटी की जेवून? ती दोन वाक्यांत सांगायची, आणि लोक तेवढ्यावर विश्वास ठेवायचे.

बाजीराव त्यातलेच. मूळचे बीडकडचे, तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवली, तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला येऊन ते महिन्याची औषधं नेत. घडी पडून पडून चिंध्या झालेली चिठ्ठी ते काउंटरवर तळव्याने सपाट करून ठेवत. उज्वला ती वाचतही नसे. रक्त पातळ करायची, बीपीची, आणि रात्रीची अ‍ॅटोरवास्टॅटिन, चाळीसची. तिच्या हातांना पाठ होतं ते.

पाच दिवसांपूर्वी, संध्याकाळी सात-साडेसातला, ते दोन चिठ्ठ्या घेऊन आले होते. एक नेहमीची. दुसरी नवी, स्टेशनकडच्या एका दवाखान्यातली, कारण दहा दिवस ताप-खोकला हटत नव्हता. करंजाड्यात चहूकडे इमारती उठताहेत, सगळेच खोकत असतात. काउंटरपुढे सात-आठ माणसं होती. पार्थचा फोन चालू होता. कुठल्या तरी कंपनीचा माल परत पाठवायचा होता आणि तो तिला तारखा वाचून दाखवायला सांगत होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून तिने दोन्ही चिठ्ठ्या समोर ठेवल्या. नव्या चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिन होतं, सात दिवसांसाठी, सकाळ-संध्याकाळ. तिने ते काढलं. महिन्याच्या गोळ्या काढल्या. सगळं एका पिशवीत घातलं.

ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत, हे तिला माहीत होतं. स्वतःच्या घराचा नंबर माहीत असावा तसं. हे अँटिबायोटिक चालू असताना कोलेस्टेरॉलची गोळी शरीरातून नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठत जाते, आणि फार साठली तर स्नायू विरघळायला लागतात. विरघळलेलं सगळं किडनीत जाऊन बसतं, आणि लघवी काळी होते. सगळ्यांना होत नाही. पण सत्तरीतला माणूस, तापाने सुकलेला, चाळीसची गोळी. त्या संध्याकाळी एवढंच करायचं होतं: दवाखान्यात फोन लावायचा आणि सांगायचं, यांना रात्रीची ही गोळी चालू आहे, दुसरं काही लिहून देता का, की तेवढे दिवस ती थांबवायची? दोन मिनिटांचं काम. दवाखान्यातल्या डॉक्टरने बाजीरावांना विचारलं होतं, काही गोळ्या चालू आहेत का? ते म्हणाले होते, बीपीची. हे तिला नंतर कळलं. तिथे दोन्ही चिठ्ठ्या नव्हत्या. तिच्यापुढे दोन्ही होत्या.

बाजीरावांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. गिरजाबाईंच्या मजल्यावरच्या वैजयंती नावाच्या शिक्षिकेने ही बातमी दुकानात आणली. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की किडनी काम करत नाहीये, मशीनवर घेतलंय. मग आणखी एकदा घेतलं. मग आणखी एकदा. मुलगा सुगत पुण्याहून रजा काढून आला होता. बरं झालं तुम्ही लगेच पाठवलंत, वैजयंती म्हणाली, हॉस्पिटलातले म्हणाले आणखी एक दिवस उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. गिरजाबाई सगळ्यांना तेच सांगतायत, उज्वलाताईंनी वाचवलं. उज्वला थर्मामीटर शोधत होती. हो का, म्हणाली.

तिला रडू आलं नाही. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, छातीत धडधडायला हवं, निदान झोप उडायला हवी, असं तिला वाटत होतं, आणि तसं काहीच होत नव्हतं. ती सकाळी डबा भरत होती, शटर उघडत होती, गोळ्यांच्या पट्ट्या कापत होती. संध्याकाळी घरी जाताना मेथी घेत होती आणि निवडताना टीव्ही बघत होती. हाताला भूल दिल्यावर हात आपलाच दिसतो, पण दाबलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसे ते दिवस.

चौथ्या दिवशी जेवताना तिने नवऱ्याला, दिलीपला, सगळं सांगितलं. तो एका सहकारी बँकेत कारकून होता, नियमाने वागणारा, मनाने चांगला माणूस. त्याने घास खाली ठेवला आणि विचारलं, चिठ्ठी होती ना? होती, ती म्हणाली. दोन्ही औषधं चिठ्ठीप्रमाणेच दिलीस ना? हो. मग झालं, तो म्हणाला, लिहिणारा डॉक्टर, चूक त्याची. तू कुणापुढे बोलू नकोस, त्या भिंतीवर तुझं नाव आहे. त्याचा आवाज चढला नव्हता. तिला आणखी भात हवा का, असंही त्याने विचारलं. पार्थनेही फोनवर जवळपास हेच सांगितलं, आणि वर म्हणाला की असल्या गोष्टीत आपण पडायचं नसतं, मॅडम.

दोघांचं काही चुकत नव्हतं. तिला कुणीच काही विचारलं नाही. हॉस्पिटलने विचारलं नाही, सुगतने विचारलं नाही.

बाजीराव तेवीस दिवसांनी घरी आले. किडनी हळूहळू पुन्हा चालू झाली होती, पण पाय गेल्यासारखे झाले होते. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून मोरी, एवढंच. कोलेस्टेरॉलची गोळी हॉस्पिटलातच बंद केली होती. दोन महिन्यांनी रक्त तपासून झाल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी त्याच जातीची दुसरी गोळी लिहून दिली, अगदी कमी ताकदीची. बाजीरावांनी ती घ्यायला नकार दिला.

हे सांगायला गिरजाबाई दुकानात आल्या. आठ दिवस झाले, डॉक्टर म्हणतात बिनगोळीचं राहिलं तर स्टेंट पुन्हा तुंबायची भीती आहे, आणि हे म्हणतात मेलो तरी चालंल पण त्या गोळीला हात लावनार न्हाई. सुगतने फोनवर समजावलं, ऐकलं नाही. गिरजाबाईंचा चेहरा या दोन महिन्यांत लहान झाला होता.

"तुमी या एकडाव घरी," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकतील. तुमी वाचिवलं त्यांना."

दुकानाला गुरुवारी दुपारनंतर सुट्टी असे. त्या गुरुवारी तीन वाजता उज्वला त्यांच्याकडे गेली. दुसरा मजला, वन आरके. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजी फुलं. खिडकीजवळच्या पलंगावर बाजीराव बसले होते. तिने त्यांना नेहमी काउंटरच्या पलीकडे, छातीपासून वरच पाहिलं होतं. आता लेंग्यातले त्यांचे पाय दिसत होते, आणि मांडीच्या जागी कापड आत गेलेलं दिसत होतं. ते तिला बघून उठायला गेले, हाताने पलंग दाबून अर्धे उठले आणि परत बसले. या ताई, म्हणाले.

गिरजाबाई चहा ठेवायला ओट्याकडे वळल्या. ओटा त्याच खोलीत, चार पावलांवर.

उज्वलाने आधी हॉस्पिटलचा कागद मागून घेतला आणि वाचला. तिसऱ्या ओळीत इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं, औषधांच्या परस्पर परिणामामुळे. दोन्ही औषधांची नावंही होती. दोन महिने तो कागद या घरात, पत्र्याच्या डब्यात होता. तिने तो घडी करून मांडीवर ठेवला आणि नवीन गोळीबद्दल बोलायला सुरुवात केली. स्टेंट म्हणजे काय, ती तुंबते कशी, ही गोळी काय करते. पाचची आहे, आधीची चाळीसची होती. ती बोलत होती आणि तिला स्वतःचा आवाज काउंटरवरचा ऐकू येत होता, स्वच्छ, दोन वाक्यांतला.

बाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही बी त्याच जातीची हाय का न्हाई?"

"त्याच जातीची आहे."

"ती चार वर्सं खाल्ली. कायबी झालं न्हाई. मंग येकदमच का झालं?"

आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस तो. बिघाड कुठे झाला हे कळल्याशिवाय तो मशीन पुन्हा चालू करणार नव्हता. उज्वलाला हे तेव्हा नीट कळलं. ती म्हणू शकली असती की वयाने होतं, कुणाकुणाला होतं. मग ते म्हणाले असते, म्हणजे पुन्हा होईल. आणि गोळी डब्यात पडून राहिली असती.

"खोकल्याच्या गोळीमुळे झालं," ती म्हणाली. "ती दोन्ही एकत्र द्यायची नसतात. तुम्ही दोन चिठ्ठ्या आणल्या होत्या. मी दोन्ही गोळ्या एका पिशवीत घालून दिल्या."

ओट्याजवळ भांड्यांचा आवाज बंद झाला.

बाजीराव तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, एखादा आकडा पुन्हा वाचून बघावा तसे.

"तुमाला ठावं न्हवतं?"

"ठाऊक होतं."

"इसरलात."

"विसरले नव्हते, काका. गर्दी होती, मी बघितलंच नाही. हात चालत होते. डॉक्टरला एक फोन करायचा होता, तो केला नाही."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला. गिरजाबाईंनी गॅस बंद केला. चहा गाळलेला नव्हता, तो तसाच पातेल्यात राहिला. त्या तिथेच, ओट्याला पाठ लावून, पदर हातात धरून उभ्या राहिल्या. दोन महिने मजल्यामजल्यावर सांगत फिरलेलं एक वाक्य त्यांना परत घ्यावं लागत होतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

उज्वलाने पर्समधून पेन काढलं. नव्या गोळीच्या पाकिटाच्या पांढऱ्या बाजूला तिने मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं. रोज रात्री एक. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. कुठलाही डॉक्टर कुठलंही नवं औषध देऊ दे, अगदी दाताचा डॉक्टर असला तरी, आधी हे पाकीट त्याच्यापुढे ठेवायचं. काढा, चूर्ण काही घेतलं तरी सांगायचं. विनाकारण स्नायू दुखले, पायांतलं बळ गेलं किंवा लघवी काळी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. ते नसेल तर मनाने बंद करायची नाही. महिन्या-दीड महिन्याने डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासायचं. पाकिटाची बाजू भरली, तेव्हा तिने ते पलंगावर, त्यांच्या हातापाशी ठेवलं.

"ही घ्या काका. ही गोळी वाईट नाही. चूक माझी होती."

बाजीरावांनी पाकीट उचललं नाही.

"आता तुमी जावा," ते म्हणाले.

ती उठली. दाराशी चपला घालताना मागून कुणी आलं नाही. जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही. दोन मजले होते, चौतीस पायऱ्या. बाजीराव पूर्वी त्या दिवसातून किती वेळा उतरत असतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिथेच संपला.

त्यानंतर त्या घरातलं कुणी दुकानात आलं नाही. वैजयंती येत असे, पण पूर्वीसारखी थांबत नसे. पैसे देऊन जात असे. तक्रार होईल असं दिलीपला वाटत होतं. त्याने दोन-तीनदा विचारलं, काही आलं का? काही आलं नाही. पार्थला तिने स्वतःच सांगितलं की मी त्यांना खरं काय ते सांगून आले. तो फोनवर म्हणाला, मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, मी काय बोलू.

ती आता प्रत्येकाला विचारायची. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? हृदयाची आहे का, कोलेस्टेरॉलची आहे का, झोपेची? घरी फोन लावून विचारा, मी थांबते. संध्याकाळी सातला काउंटरपुढची रांग पायरीखाली जायची. लोक कुरकुरायचे, काहीजण समोरून निघून जायचे. पार्थने एकदा नरमाईने सुचवून बघितलं की निदान गर्दीच्या वेळी तरी जरा भरभर हात चालवा. ती हो म्हणाली आणि पुढच्या माणसाला तेच विचारलं. त्याने तिला बरं वाटायचं, असं नाही. विचारल्याशिवाय पट्टी कापताच यायची नाही, एवढंच.

बाजीराव ती गोळी घेतायत की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कधी कधी दुपारी, दुकान रिकामं असताना, तिला ते पाकीट पलंगावर जसं ठेवलं तसं पडलेलं दिसायचं.

मे महिन्याच्या पाच तारखेला ते तिला दिसले. रस्त्याच्या पलीकडून, काठी घेऊन, एक एक पाऊल नीट ठेवत ते बसस्टॉपच्या बाजूने येत होते. हातात पांढरी प्लॅस्टिकची पिशवी होती, हिरव्या अक्षरांची. ती पिशवी बसस्टॉपजवळच्या औषधाच्या दुकानाची. त्यांच्या घरापासून ते दुकान तिप्पट लांब. पिशवी पातळ होती. आतल्या पट्ट्यांच्या कडा दिसत होत्या, आणि त्यांत एक पाकीट तिच्या ओळखीच्या, त्या नव्या गोळीच्या रंगाचं होतं. एवढ्या लांबून तिला तो रंग नक्की दिसला की नाही, हे ती शपथेवर सांगू शकली नसती. बाजीरावांनी दुकानाकडे पाहिलं नाही. विजेच्या खांबाला टेकून ते दम खायला थांबले, मग पुढे गेले.

जूनच्या पाच तारखेला दहाच्या सुमारास तिने आतली प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर नेली आणि छपराच्या सावलीत, पायरीच्या बाजूला ठेवली. ते आले, पलीकडून खांबाला टेकले, गेले. खुर्ची दिवसभर तिथेच राहिली. तिच्यावर एक कुरियरवाला बसून गेला.

जुलैच्या पाच तारखेलाही तिने ती ठेवली. काउंटरवर एक म्हातारी बाई होती, नातवासाठी काहीतरी नेत होती. रस्त्याच्या या बाजूने काठीचा आवाज आला, आणि थांबला. मग खुर्ची करकरली.

उज्वलाने मान वर केली नाही. दाराच्या चौकटीतून तिला फक्त काठीचं टोक दिसत होतं आणि गुडघ्यावर ठेवलेली हिरव्या अक्षरांची पिशवी. म्हातारी स्वतःसाठी पित्ताची गोळी मागत होती.

"आजी, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत तुम्हाला?"

म्हातारी म्हणाली, कुठल्याच नाहीत. उज्वलाने पुन्हा विचारलं, बीपीची? साखरेची? रात्रीची एखादी? म्हातारी विचार करायला लागली. साखरेची एक आहे, म्हणाली, सकाळची. नाव माहीत नाही. रंग आठवतो का? पांढरी, लांबट. उज्वलाने सावकाश, एक एक करून विचारून घेतलं. बाहेरची पिशवी हलली नाही.

म्हातारी गेल्यावर थोड्या वेळाने बाजीराव उठले. उठायला त्यांना वेळ लागला. आधी काठी, मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा पाय. ती आतच उभी राहिली. त्यांनी पिशवी मनगटात अडकवली, काठी भिंतीला लावली, आणि दोन्ही हातांनी ती खुर्ची उचलली. खुर्ची हलकीच होती, तरी त्यांच्या मांड्या लेंग्यात थरथरताना दिसल्या. पायरी चढून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत येणार नाही अशी त्यांनी ती आतल्या बाजूला भिंतीला लावून ठेवली, सरळ केली, आणि काठी घेऊन घराकडे चालू लागले.